वॉकर म्हणजे कापड तुडवणारा

३ फेब्रुवारी २०२५

आजपासून वही. कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला असताना रोजचा अहवाल लिहायचो, तेव्हा कामं वेळेवर व्हायची. घरातलं एक काम वेळेवर व्हायला पाहिजे, म्हणून हा अहवाल.

काम: सुरेखाला चालतं करणं. मुदत: २२ मार्च.

परिस्थिती लिहून ठेवतो. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी सुरेखा, माझी बायको, पुढच्या दाराच्या पायरीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. दारात ऑटो उभा होता, मी हाक मारली, ती घाईघाईनं निघाली आणि पाय घसरला. हाक मारण्यात काय दोष? अडतीस वर्षं मीच हाक मारून राहिलो.

आता तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात हाड जुळलं, पूर्ण वजन टाका. व्यायाम करवून घ्यायला येते ती चैत्राली म्हणते, पायात ताकद आहे. पण ही बाई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. बाथरूमला मी आणि कामवाली नंदा दोन्हीकडून धरून नेतो. अल्युमिनियमचा वॉकर आणला होता. दुसऱ्याच दिवशी तो फरशीवर सरकला, ही किंचाळली, तेव्हापासून वॉकर कोपऱ्यात उभा. त्याच्यावर टॉवेल वाळतात.

काल प्रसन्नचा पुण्याहून फोन. "बाबा, बावीस मार्चला मी येतो. आई स्वतःच्या पायानं दारापर्यंत आली तर खुशाल राहा जबलपूरला. नाही आली तर दोघांनी माझ्याकडे यायचं. तुम्ही सदुसष्ट वर्षांचे, तिला किती दिवस उचलणार?" पोरगा चूक बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे. सुरेखानं सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दीक्षितपुऱ्यातल्या या घरात एकोणतीस वर्षं झाली. पुण्यात आठव्या मजल्यावर ती कोणाशी बोलणार? तिला जायचं नाही. मलाही नाही. म्हणून चालायचं. विषय संपला.

४ फेब्रुवारी

घराचा नकाशा काढला, प्रमाणात. पलंग ते बाथरूम अकरा पावलं. पलंग ते पुढचं दार एकोणीस. भिंतीवर तक्ता लावला. रोज एक पाऊल वाढवलं तरी मुदतीच्या आधी काम होतं. सुरेखा तक्त्याकडे बघून म्हणाली, "मी काय तुमचा सुटा भाग आहे?"

७ फेब्रुवारी

ओमतीच्या बाजारातून पाइप आणून, वेल्डरकडून दोन कठडे करून घेतले. कमरेच्या उंचीचे, खाली जड पाय, मी वर बसलो तरी हलत नाहीत. मधल्या वाटेत समोरासमोर मांडले. मधून चालायचं, दोन्ही हातांनी धरायचं. वॉकरसारखी सरकायची भानगड नाही.

संध्याकाळी पहिला प्रयोग. मी पुढे उभा राहिलो, तोंड तिच्याकडे. "एक! उचल पाय! दोन!"

"तुम्ही मोजू नका हो."

"मग कोण मोजणार?"

दोन पावलांत रडायला लागली. मी म्हटलं, रडणं नंतर, आधी तिसरं पाऊल. ती मटकन मागच्या खुर्चीत बसली. नंदानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ढकलून दिलं. नंदा सिहोऱ्याकडची, हातानं खमकी आणि नजरेनंही.

तक्त्यावर दोन मांडले.

१० फेब्रुवारी

पावलं शून्य. तीन दिवस शून्य.

इथल्या मराठी मंडळाचे बापू येऊन गेले. २३ मार्चला, रविवारी, माझं व्याख्यान ठेवून राहिले. इंग्रजी शब्दांची मुळं शोधायचा माझा नाद सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "गुणवंतराव, एकच शब्द घ्या, चाळीस मिनिटं बोला. जास्त नको, मग लोक समोशाकडे बघतात." मी कोपऱ्यातल्या टॉवेलांकडे बघितलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, वॉक. चालणे. एका दगडात दोन पक्षी. शब्दही उलगडतो, बाईलाही उभी करतो. बघू कोण आधी दमतं.

१३ फेब्रुवारी

भलतंच सापडलं! जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ चालणं नव्हताच मुळी. गडगडणं, लोळणं, लाटांसारखं खालीवर होणं, असा काहीतरी अर्थ होता. पायानं जाणं हा अर्थ कितीतरी नंतर आला, तेराव्या शतकाच्या सुमारास. आणि वॉकर म्हणजे कोण? कापड तुडवणारा! विणलेलं लोकरी कापड ओलं करायचं, हौदात टाकायचं आणि पायांनी तुडवत राहायचं, म्हणजे ते आटून दाट होतं. हे काम करणारा तो वॉकर. पुढे त्याचंच आडनाव झालं. जर्मनांकडे तर आजही तसाच शब्द कापड तुडवण्यासाठी आहे. तुडवण्यावरून चालण्यावर गाडी नेमकी कशी आली, ते मात्र कोशात धड कोणी सांगत नाही.

जेवताना सुरेखाला वाचून दाखवलं. नेहमी ती "हो का" म्हणते आणि भाजी वाढते. आज वाटी खाली ठेवून विचारलं, "ते एकाच जागी उभे राहून तुडवायचे?"

"अर्थात. हौदात कुठे जाणार?"

"म्हणजे पुढे जायचंच नाही."

"नाही."

"आणि धरायचे कशाला?"

आता हे मला काय ठाऊक! व्याख्यानात असलं कोणी विचारणार नाही, म्हटलं. ती म्हणाली, "मी विचारून राहिले ना."

१५ फेब्रुवारी

दोन दिवस खटपट करून एका ग्रंथात चित्र सापडलं. रोमन काळातलं, कापड धुणाऱ्यांचं. टाकीत माणूस उभा, दोन्ही बाजूंना बुटक्या भिंती, त्यांवर हात टेकवलेले. घरी येऊन सांगितलं. तिनं मधल्या वाटेतल्या माझ्या कठड्यांकडे बघितलं.

"अच्छा," एवढंच बोलली.

पावलं शून्य. तरी शब्दात तिला गोडी वाटली, हे काही कमी नाही.

१८ फेब्रुवारी

आज तळपायाची आग मस्तकात गेली.

नंदा म्हणते, "बाबूजी, ठंड गई. सारे कंबल धोने हैं. ये पाइप पीछे आँगन में रखवा दो, सुखाने के काम आएँगे." मी म्हटलं, काहून? हे सुरेखाच्या पायासाठी आहेत, गोधड्यांसाठी नाहीत! तर सुरेखाच म्हणाली, "नेऊ द्या. इथे तसेही पडून आहेत."

इतक्या कष्टानं केलेली वस्तू. मी तापलो, बोलायचं ते बोललो. शेवटी मी आणि नंदानं उचलून नेले, हात भरून आले. मागच्या अंगणात नळाजवळ समोरासमोर मांडून घेतले. मी म्हटलं, वाळत घालायचं तर एका रांगेत ठेव. नंदा म्हणते, नहीं, ऐसे ही. मधोमध मोठा टब ठेवला. बाईला अक्कल शिकवायला गेलो नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी सुरेखानं ओमतीला पाठवलं. ब्लाउजचे हूक. परत येईतो दीड तास गेला, कारण तिला पितळीच पाहिजे होते. करडं कांबळं धुऊन कठड्यावर टाकलेलं दिसलं. मला कारखान्यातून मिळालेलं, चांगलं अस्सल लोकरीचं.

२४ फेब्रुवारी

ओमती: पांढरा दोरा. शनिवारी फॉलचं कापड होतं, त्याआधी सेफ्टी पिना. तीन महिने जिनं कपाट उघडलं नाही, तिला आताच शिवणकाम सुचून राहिलं. एकदम सांगता येत नाही का? म्हणते, आठवतं तसं सांगते.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. करडं कांबळं रोज ओलं असतं. रोज! बाकीची कांबळी, रजया सगळं तसंच पेटीत. विचारलं तर नंदा म्हणते, मैल बहुत है. आता पाहा, साबणाच्या पुड्यावर मी पेन्सिलीनं खूण केली होती. सहा दिवसांत पूड तसूभर हलली नाही. म्हणजे ही बया नुसत्या पाण्यात कांबळं बुचकळते, वर दोन तास लावते आणि कामाचा देखावा करते. पाणीही गरम घेते. गॅस माझा.

सुरेखाला पुराव्यासकट सांगितलं. ती इतकी हसली की खोकला लागला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा हसली असेल. त्यामुळे रागावता आलं नाही.

२८ फेब्रुवारी

चैत्रालीनं मला खोलीबाहेर काढलं. माझ्याच घरात! जन्म इथला, मराठी सगळं समजते, पण बोलताना तिची खिचडी होते. "काका, तुम्ही बाहर बसा ना, प्लीज. आप रहते हो तो काकूंचं ध्यान पाय में नहीं रहता. तुमच्या चेहऱ्याकडेच बघत राहतात." म्हटलं, मी फक्त मोजतो. म्हणाली, "तेच. मोजणं बंद. कंप्लीट बंद."

तक्ता उतरवला. कारखान्यात मोजमाप चुकलं म्हणून माझं एकही ड्रॉइंग परत आलं नाही, आणि ही कालची पोरगी मला मोजू नको म्हणते. पण तिच्या हाताला गुण आहे म्हणतात. मूग गिळून बसलो.

५ मार्च

सतरा दिवस राहिले.

आज खरं लिहितो. मला वाटून राहिलं की होणार नाही. दुपारी प्रसन्नला फोन लावला, परतीची तीन तिकिटं बघून ठेव म्हटलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही हरलात असं कधी ऐकलं नव्हतं." मी फोन ठेवला.

व्याख्यानाचे कागद पुढे घेतले, एक ओळ सुचेना. चालणे या शब्दावर मी चाळीस मिनिटं बोलणार आणि बायको पलंगावर. लोक काय म्हणतील ते जाऊ द्या. मलाच लाज वाटून राहिली.

आणि ते ऑटोचं. पहिल्या पानावर लिहिलं की मी हाक मारली. एकदा नाही मारली. दोनदा मारली. दुसऱ्यांदा ओरडलो. "किती वेळ! निघ आता!" ती "आले, आले" म्हणत पदर सावरत पायरीवर आली. ऑटोवाला काही घाईत नव्हता, बिडी ओढत होता. घाई मलाच होती, आणि कसली होती ते आता आठवतही नाही. तिनं एका शब्दानं कधी हे काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

कांबळं रात्री अंगावर घेतलं तर आखूड! आटलंय चांगलं वीतभर. जाडही झालंय, पुठ्ठ्यासारखं. नंदाला उद्या विचारतो.

६ मार्च

विचारलं. म्हणते, "बाबूजी, आप लंबे हो गए होंगे."

तिकिटांचं थांबव म्हणून प्रसन्नला कळवलं. सोळा दिवस आहेत. हरायला शेवटचा दिवस पुरतो, आजच कशाला?

१३ मार्च, गुरुवार

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी काळ्या बटणांसाठी पाठवलं. उद्या धुळवड, बाजारात रंग आणि पिचकाऱ्या. बटणवाल्याचं दुकान बंद. पाऊण तासातच परतलो. पुढचं दार आतून लावलेलं असतं, म्हणून बाजूच्या फाटकाची कडी काढली आणि बोळातून मागे निघालो. अंगणातून छपछप आवाज. मनात म्हटलं, आज नंदाला कामाचा देखावा करताना रंगेहाथ पकडतो. भिंतीच्या कोपऱ्याशी आलो.

टबात सुरेखा उभी होती.

साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, दोन्ही हात माझ्या कठड्यांवर, पायाखाली करडं कांबळं. डावा पाय वर, खाली. उजवा वर, खाली. ज्या पायात सळई आहे तोच जास्त जोरात. नंदा समोर पाटावर बसून शेंगा सोलत होती, हात लावायला तयार, पण हात न लावता. मागे चैत्राली कठड्याला टेकून मोबाइल बघत होती. टबाशेजारी खुर्ची. पहिले काही दिवस खुर्चीत बसूनच तुडवलं असणार, तरी मला कळलं नाही. सुरेखा खाली बघत नव्हती. नंदाला लोणच्याच्या मसाल्यात मेथी किती घालायची ते सांगत होती. पायांचं तिच्या लक्षातही नव्हतं.

मग तिनं डावा हात कठड्यावरून काढून कपाळावरचे केस मागे सारले. पाय थांबले नाहीत.

मला ओरडायचं होतं. "सुरेखा!" घशापर्यंत आलं होतं. शाबास म्हणायचं होतं, सावकाश म्हणायचं होतं, मोजायचं होतं सुद्धा. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. भिंतीला धरून मागे सरकलो, चपला हातात घेतल्या, बोळातून बाहेर आलो आणि कडी लावली.

पुढच्या चौकात बंद दुकानाच्या फळीवर पाऊण तास बसलो. रडलो, ते लिहायला हरकत नाही. ओळखीच्या एका पोरानं गालाला गुलाल लावला, त्याचा फायदा झाला. घरी आल्यावर डोळे लाल का, हे कोणी विचारलं नाही.

"बटणं?" सुरेखानं खुर्चीतून विचारलं.

"दुकान बंद."

"इतका वेळ मग?"

"गर्दी होती."

१४ मार्च

मी काही पाहिलेलं नाही.

१७ मार्च

न सांगताच ओमतीला गेलो. काही काम नव्हतं. दोन चहा घेतले, एक वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचलं, दीड तास काढून आलो. येताना फाटकाशी मुद्दाम खोकलो, बोळातही खोकलो. नंदा म्हणाली, "बाबूजी, खाँसी हो गई क्या?" हो म्हटलं.

अडतीस वर्षांत इतकं कठीण काम केलं नव्हतं. ड्रॉइंगला निदान रबर असतं.

२० मार्च

व्याख्यान लिहून झालं. कांबळं आता मुलाच्या पाळण्यात मावेल. कोणाला काही बोललो नाही.

२२ मार्च

प्रसन्न सकाळी साडेदहाला आला. बेल वाजली. मी नेहमीसारखा उठणार होतो, पण चष्मा शोधायला बसलो. चष्मा नाकावरच होता.

सुरेखा स्वयंपाकघरातून निघाली. हातात काठी, चैत्रालीनं परवा आणलेली. काठी नुसती सोबतीला होती, तिच्यावर भार नव्हता. मधली वाट, बैठक, उंबरठा. किती पावलं ते मी मोजलं नाही. खरंच नाही मोजलं. तिनं कडी काढली आणि दार उघडून म्हणाली, "ये. चपला बाहेर काढ, फरशी पुसलीय."

पोरगा बॅग हातात धरून तसाच उभा. मग "आई" म्हणून तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला, छत्तीस वर्षांचा बाप्या. ती म्हणाली, "सांभाळून. पाडशील मला."

मी "अरे! हे कधी? मला सांगितलं नाही!" वगैरे बोललो. मोठ्यानं बोललो. नंदा दारामागे तोंडाला पदर लावून होती. चैत्रालीचा फोन आला, "काका, सरप्राइज कैसा लगा?" म्हटलं, हादरलो.

प्रसन्न दुपारी म्हणाला, "बाबा, राहा तुम्ही इथेच." सुरेखा पोळ्या लाटत होती. उभ्यानं.

२३ मार्च, रविवार

व्याख्यान झालं. सदतीस मिनिटं. सुरेखा ऑटोनं आली, पहिल्या रांगेत बसली. मी आधीच बाहेर जाऊन ऑटोत बसलो होतो आणि एकदाही हाक मारली नाही. ती आपली कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून, पायऱ्या एकेक करून आली. ऑटोवाल्याला म्हटलं, तुझी बिडी होऊ दे.

शेवटी एका बाईनं विचारलं, कापड तुडवण्यावरून चालण्यावर शब्द कसा आला? म्हटलं, कोशकार सांगत नाहीत. मला काय वाटतं ते तिथे सांगितलं नाही. ते घरातलं होतं.

आत्ता संध्याकाळी अंगणात बसलो होतो. प्रसन्न मित्राकडे गेलेला. कठडे अजून नळाजवळच आहेत, त्यांवर करडं कांबळं. सुरेखा त्याची घडी करता करता म्हणाली, "धुळवडीच्या आदल्या दिवशी फाटकाची कडी दोनदा वाजली."

"मांजर असेल."

"एकदा काढल्याची आणि एकदा लावल्याची. मांजर कडी लावत नाही."

मग विचारलं, "तेव्हाच थांबली काहून नाहीस?"

"कडी वाजलेली ऐकली. म्हटलं, आता हाक येणार. आली असती तर पडलेच असते मी, टबातच." तिनं घडीवरून हात फिरवला. "वाट बघत राहिले. नाही आली. तेव्हा डावा हात सोडून पाहिला."

तिनं कांबळं माझ्या मांडीवर ठेवलं. छातीपासून गुडघ्यापर्यंत येतं, बस. पुढच्या थंडीत पाय उघडे राहणार.

राहू देत.